पहिला वार कोणाचा, किंमत कोणाची? इराक युद्धाने शिकवलेले पाच प्रश्न

"शत्रू उद्या आपल्यावर हल्ला करणार आहे, म्हणून आपण आजच त्याला संपवला पाहिजे." युद्धाच्या बाजूने केला जाणारा हा फार जुना आणि फार प्रभावी युक्तिवाद आहे. तो प्रभावी आहे कारण त्याच्या मुळाशी भीती आहे आणि भीती पुरावा मागत नाही. टीव्हीच्या स्टुडिओतला तज्ज्ञ, व्हॉट्सॲपवर नकाशे फिरवणारा शेजारी आणि व्यासपीठावरचा पुढारी हे तिघे एका सुरात हे वाक्य बोलू लागले की प्रश्न विचारणारा लगेच देशद्रोही ठरतो. अशा वेळी आपल्या चळवळीतले अनेक तरुणही एकतर गप्प बसतात किंवा त्याच गर्दीत सामील होतात. म्हणून या विषयावर इतिहासाच्या आधाराने बोलणे गरजेचे आहे.

युद्ध चांगले की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. आंबेडकरी माणूस भाबडा शांततावादी नसतो. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देणारे आपण आहोत. नाझी आणि फॅसिस्ट शक्तींविरुद्धच्या महायुद्धाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता आणि महार रेजिमेंट पुन्हा उभी राहावी यासाठी आग्रह धरला होता. १९४१ साली ती उभी राहिली. प्रश्न इतकाच आहे की अजून न झालेल्या हल्ल्याच्या नावाखाली आपण आधी वार करावा की नाही, हे ठरवायचे कशावर? माझे म्हणणे असे की ज्याला आधी वार करायचा आहे, पुरावा देण्याची जबाबदारी त्याचीच आहे. तो पुरावा तटस्थ माणसाने तपासलेला असला पाहिजे. आणि युद्धाची किंमत कोण मोजणार, हे युद्धाआधी सांगितले गेले पाहिजे. या तिन्ही गोष्टी टाळल्या तर काय होते, याचे सर्वात ढळढळीत उदाहरण म्हणजे २००३ चे इराक युद्ध.

शब्दांची अदलाबदल

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. हल्ला अगदी दाराशी आला आहे, दुसरा कोणताही उपाय उरलेला नाही, अशा वेळी केलेल्या वाराला 'प्री-एम्प्टिव्ह' म्हणतात. शत्रू आज काही करत नाही, पण पुढे कधीतरी बलवान होऊन त्रास देईल, म्हणून आजच त्याला मोडायचे, हे 'प्रिव्हेंटिव्ह' युद्ध. पहिल्याचा संबंध स्वसंरक्षणाशी आहे, दुसऱ्याचा अंदाजाशी.

हा फरक आजचा नाही. १८३७ साली कॅनडातल्या बंडखोरांना मदत करणारी 'कॅरोलाइन' नावाची अमेरिकन बोट ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांनी नायगारा नदी ओलांडून, अमेरिकेच्या हद्दीत शिरून जाळली. त्या वादात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी १८४१ मध्ये जी कसोटी मांडली, ती आंतरराष्ट्रीय कायद्यात आजही आधार मानली जाते. धोका तातडीचा आणि टाळता न येणारा असावा, दुसरे साधन निवडायला वाव नसावा, विचार करायलाही वेळ नसावा, आणि केलेली कारवाई गरजेपेक्षा जास्त नसावी, असा तिचा आशय आहे.

या कसोटीवर उतरणारे उदाहरण म्हणून १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध नेहमी दिले जाते. इजिप्तने सिनाईत फौजा आणल्या होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांना घालवून दिले होते, तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली होती. ५ जूनला इस्रायलने इजिप्तचे हवाई दल जमिनीवरच उद्ध्वस्त केले आणि सहा दिवसांत युद्ध जिंकले. परंतु पुढे १९८२ मध्ये इस्रायलचेच पंतप्रधान मेनाचेम बेगिन यांनी जाहीर भाषणात मान्य केले की सिनाईतल्या फौजांवरून नासर खरोखर हल्ला करणारच होते असे सिद्ध होत नव्हते. हल्ल्याचा निर्णय आम्ही घेतला. शिवाय त्या सहा दिवसांत ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँक आणि गाझाचा प्रश्न अर्धशतकानंतरही रक्त मागतोच आहे. सर्वात 'यशस्वी' उदाहरणाची ही अवस्था असेल तर बाकीच्यांचे काय?

इराक : आधी निर्णय, मग पुरावा

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिका हादरली होती. सप्टेंबर २००२ मध्ये जॉर्ज बुश सरकारने नवे राष्ट्रीय सुरक्षा धोरण जाहीर केले. त्यात 'प्री-एम्प्टिव्ह' हा जुना शब्द वापरला, पण अर्थ 'प्रिव्हेंटिव्ह'चा भरला. धोका दाराशी असण्याची अट सैल केली. शब्द कायदेशीर, कृती बेकायदेशीर. वर्चस्ववादी सत्तांची ही पद्धत आपल्याला नवी नाही.

इराकवर आरोप असा होता की सद्दाम हुसेनकडे रासायनिक आणि जैविक शस्त्रे आहेत आणि तो अणुबॉम्बही बनवतो आहे. सद्दाम हा क्रूर हुकूमशहा होता, यात शंका नाही. १९८८ साली हलब्जामध्ये त्याने स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. पण १९८८ मध्ये काय होते हा प्रश्नच नव्हता. २००३ मध्ये त्याच्याकडे काय होते, हा प्रश्न होता.

हे तपासण्याची यंत्रणा अस्तित्वात होती. सुरक्षा परिषदेने ८ नोव्हेंबर २००२ रोजी ठराव क्रमांक १४४१ एकमताने मंजूर केला आणि हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली निरीक्षक पुन्हा इराकमध्ये गेले. त्यांनी शेकडो तपासण्या केल्या. शस्त्रसाठे सापडले नाहीत. ब्लिक्स यांचे म्हणणे होते की काम पूर्ण करायला आणखी काही महिने लागतील. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बारदेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेला सांगितले की इराकने नायजर देशातून युरेनियम घेण्याचा प्रयत्न केला, असे दाखवणारी कागदपत्रे खरी नाहीत.

दुसऱ्या बाजूला काय होते? ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चित्रे दाखवून सांगितले की इराककडे ट्रकवर फिरणाऱ्या जैविक शस्त्रांच्या प्रयोगशाळा आहेत. या माहितीचा मुख्य आधार 'कर्व्हबॉल' हे सांकेतिक नाव दिलेला जर्मनीतला एक इराकी निर्वासित होता. सीआयएने त्याची स्वतः उलटतपासणी केलीच नव्हती. आपण खोटे बोललो, हे त्याने २०११ मध्ये स्वतः कबूल केले. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी आहेत, हा दुसरा दावा. त्या साध्या रॉकेटसाठी असाव्यात, असे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले जाणकार सांगत होते. त्यांचे मत अहवालात राहिले, निर्णयावर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.

लंडनमध्येही तेच घडत होते. २३ जुलै २००२ च्या, म्हणजे निरीक्षक इराकमध्ये जाण्याच्या चार महिने आधीच्या, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याकडील बैठकीची टिपणे २००५ मध्ये फुटली. ब्रिटिश गुप्तचर प्रमुखाने वॉशिंग्टनहून परतल्यावर बैठकीत सांगितले होते की तिथे युद्ध अटळ मानले जात आहे आणि माहिती धोरणाला जुळवून घेतली जात आहे. याचा सरळ अर्थ काय? निकाल आधी लिहिला गेला आणि साक्षीदार नंतर शोधले गेले. खोट्या केसमध्ये पोलीस पंच कसे उभे करतात, हे आपल्या वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

२० मार्च २००३ ला युद्ध सुरू झाले. नंतर अमेरिकेच्याच इराक सर्व्हे ग्रुपने सगळा देश पालथा घातला आणि २००४ च्या अहवालात सांगितले की शस्त्रसाठे नव्हते आणि अणुकार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता. ब्रिटनमधल्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये निष्कर्ष काढला की शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध सुरू केले गेले, ते अखेरचा उपाय नव्हते. निरीक्षकांना जे थोडे महिने नाकारले गेले, त्यांत हे सगळे रक्त न सांडता कळले असते.

विरोध कोणी केला?

लोकशाहीत संसद असते, वर्तमानपत्रे असतात, मग हे कसे घडले? ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्षांना युद्धाचा अधिकार दिला. ब्रिटिश संसदेने १८ मार्च २००३ रोजी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्ध मंजूर केले. त्याच्या आदल्या दिवशी रॉबिन कुक या ज्येष्ठ नेत्याने मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. बहुमत होते, तरीही निर्णय चुकला. बहुमताने भीती मंजूर होऊ शकते, सत्य नाही.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला, असे सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाम युद्धाचा अधिकार मिळवला. प्रतिनिधीगृहात विरोधात एकही मत पडले नाही, सिनेटमध्ये फक्त दोन. ४ ऑगस्टचा तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्याच कागदपत्रांतून उघड झाले. त्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मारले गेले.

आता एक गोष्ट नीट बघा. २००१ च्या हल्ल्यानंतर तीन दिवसांनी अध्यक्षांना लष्करी बळाचा मोकळा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधीगृहात आला तेव्हा ४२० मते बाजूने पडली आणि एकच विरोधात. ते मत बार्बरा ली या कृष्णवर्णीय स्त्रीचे होते. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. इराकच्या ठरावालाही कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी बहुतेकांनी विरोध केला. कोरियन युद्धात लढलेले, हार्लेमचे प्रतिनिधी चार्ल्स रँगेल यांनी जानेवारी २००३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचे विधेयक मांडले. ते युद्धखोर नव्हते. युद्धाला हात वर करणाऱ्यांची मुले आघाडीवर जाणार नसतील तर युद्ध स्वस्त वाटते, हे त्यांना दाखवायचे होते. त्याआधी १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, तेव्हाही गरीब आणि कृष्णवर्णीय तरुण प्रमाणाबाहेर मरत आहेत, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता.

हा योगायोग नाही. ज्या समाजाला युद्धाची किंमत मोजावी लागते, तो समाज पुरावा आधी मागतो.

किंमत कोणी मोजली?

फेब्रुवारी २००३ मध्ये लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सांगितले की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. संरक्षण खात्यातल्या वरिष्ठांनी त्यांचा अंदाज जाहीरपणे उडवून लावला. मे २००३ मध्ये अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी बाथ पक्षाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढले आणि इराकी सैन्य बरखास्त केले. लाखो शस्त्रे हाताळलेली माणसे एका फटक्यात बेकार आणि अपमानित झाली. त्यातून बंडखोरी उभी राहिली, मग शिया-सुन्नी कत्तली झाल्या, आणि त्याच राखेतून आयसिस जन्माला आली. जून २०१४ मध्ये मोसुल शहर तिच्या हाती पडले. ऑगस्टमध्ये सिंजारच्या यझिदींवर ती तुटून पडली. शतकानुशतके 'सैतानपूजक' म्हणून हिणवला गेलेला हा छोटा समाज. त्यांचे पुरुष मारले गेले आणि हजारो स्त्रिया व मुली गुलाम म्हणून विकल्या गेल्या.

'इराक बॉडी काउंट' या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पानुसार हिंसाचारात मारल्या गेलेल्या नागरिकांचाच आकडा दोन लाखांच्या आसपास जातो. साडेचार हजारांच्या जवळपास अमेरिकन सैनिक मेले. ज्यांनी खोटा पुरावा मांडला त्यांनी मात्र निवृत्त होऊन आत्मचरित्रे लिहिली.

भारताचाही याच्याशी संबंध आला होता. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेने या युद्धाची निंदा करणारा ठराव केला. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य मागितले. वाजपेयी सरकारने जुलैमध्ये नकार दिला. त्या सरकारशी आपले शंभर मतभेद असतील, पण तो नकार योग्य होता. नाहीतर आपल्या खेड्यापाड्यांतली पोरे दुसऱ्याच्या खोट्यासाठी मेली असती.

मग कधीच हस्तक्षेप करू नये का?

असा आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आक्षेप आहे. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्या वेळी जगाने हस्तक्षेप करण्याऐवजी तिथले शांतिसैनिक कमी केले. तो जगाचा गुन्हाच होता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यात नमःशूद्र समाज मोठ्या संख्येने होता. हाच तो समाज, ज्याच्या जोगेंद्रनाथ मंडलांच्या पुढाकारामुळे १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेत पोहोचले. भारताने बंगाली मुक्तियोद्ध्यांना मदत केली, जगाच्या राजधान्यांत दाद मागितली, ३ डिसेंबरला पाकिस्तानने विमानतळांवर हल्ला केल्यावर उघड युद्ध झाले, आणि १९७२ च्या मार्चपर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून परतही आले. व्हिएतनामने डिसेंबर १९७८ मध्ये कंबोडियात फौजा घातल्या. पोल पॉटच्या राजवटीने तोवर पंधरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला होता आणि बौद्ध भिक्खूंचा संघ जवळजवळ नष्ट केला होता. व्हिएतनामचे स्वतःचे स्वार्थ होतेच आणि ते सैन्य दहा वर्षे तिथे राहिले. पण ती कत्तल थांबली, हेही खरे.

या प्रकरणांत आणि इराकमध्ये फरक काय? रवांडा, पूर्व बंगाल, कंबोडिया येथे माणसे त्या क्षणी मरत होती. प्रेते मोजता येत होती, निर्वासित साक्ष देत होते. इराकमध्ये धोका भाषणात होता. आणि धोका खरा वाटला तरी उद्देश मधेच बदलला की काय होते, हे २०११ च्या लिबियाने दाखवले. नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून सुरक्षा परिषदेने परवानगी दिली, भारत त्या मतदानात तटस्थ राहिला, आणि नाटोने ती कारवाई सत्तापालटापर्यंत नेली. पुढे देशाचे तुकडे झाले. नागरिकांवरचा धोका फुगवून सांगितला गेला होता, असे ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१६ मध्ये म्हटले.

बाबासाहेबांची कसोटी

हाच फरक बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेबद्दल लिहिताना केला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बुद्धांनी निषिद्ध ठरवली ती गरज नसताना केवळ इच्छेपोटी केलेली हत्या. ही कसोटी युद्धाला लावा. १९७१ मध्ये गरज होती. २००३ मध्ये इच्छा होती आणि तिला गरजेचे कपडे घातले गेले.

त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेब म्हातारा, रोगी आणि प्रेत यांत शोधत नाहीत. ते कारण आहे युद्धाचा ठराव. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचे भांडण झाले. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा प्रस्ताव मांडला. सिद्धार्थ म्हणाला, आधी चौकशी करा. आपल्याही लोकांची आगळीक झाली आहे असे कानावर येते. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी घेऊन पंच नेमा. प्रस्ताव बहुमताने पडला. अल्पमतातल्या बाकीच्यांना उघड विरोधाचे धैर्य झाले नाही. सिद्धार्थ एकटा उभा राहिला आणि त्याने देश सोडण्याची किंमत मोजली. हान्स ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते, सिद्धार्थ पंच मागत होता. मागणी एकच आहे : तलवारीआधी तपास.

आपण विचारायचे पाच प्रश्न

म्हणून पुढच्या वेळी कोणीही, कोणत्याही देशात, कोणत्याही पक्षाचा नेता 'आधी मारा' म्हणू लागला तर आपण पाच प्रश्न विचारावेत.

एक, धोका आज दाराशी आहे की उद्याचा अंदाज आहे? दोन, पुरावा कोणी तपासला? युद्ध हवे असणाऱ्यानेच तपासला असेल तर तो पुरावा नव्हे, प्रचार आहे. तीन, दुसरे कोणते मार्ग वापरून संपले आहेत? निरीक्षक, पंच, वाटाघाटी यांना वेळ दिला का? चार, मर्यादा काय? नेमके काय साध्य झाले की सैन्य परत येणार आणि त्यानंतर त्या देशातल्या सर्वात दुबळ्या समाजाचे रक्षण कोण करणार? पाच, किंमत कोण मोजणार? कोणाची मुले आघाडीवर, कोणाच्या शाळेचा आणि दवाखान्याचा पैसा तोफेत?

पाचवा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः विचारला आहे. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी दाखवून दिले की देशाच्या सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. याचे खापर त्यांनी सैनिकांवर फोडले नाही. देशाला मित्र उरू न देणाऱ्या परराष्ट्र धोरणावर फोडले.

हे प्रश्न विचारणे म्हणजे सैनिकाचा अपमान नव्हे. सैनिकाचा खरा अपमान त्याला खोट्या कारणासाठी मरायला पाठवण्यात आहे. आणि हे प्रश्न विचारणारा माणूस कायम एकटा राहतो असेही नाही. बाबासाहेबांच्या त्याच कथेत पुढे सिद्धार्थाला बातमी मिळते की तो गेल्यानंतर शाक्य स्त्री-पुरुष युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले, संघाला फेरविचार करावा लागला आणि वाद वाटाघाटींकडे वळला. एका माणसाने विचारलेला प्रश्न सगळ्या गणराज्याने उचलला, तेव्हा युद्ध टळले. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर लाखो लोक रस्त्यावर उतरले तेव्हा उशीर झाला होता, ठराव मंजूर होऊन चार महिने उलटले होते. आपण ठरावाच्या आधी बोलले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!